बैठे काम आणि चालते मेज



आपल्या जालन्यात 'टीएमटी' ही अक्षरे उच्चारली की शाळकरी पोराच्याही डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राहते, ती म्हणजे सळई. भट्टीत भंगार वितळवायचे, त्याचे लांब ठोकळे पाडायचे, ते पुन्हा तापवून रुळांमधून दाबत न्यायचे आणि लालभडक सळईवर एकाएकी पाण्याचा मारा करायचा, म्हणजे तिची कातडी कठीण होते व गाभा लवचीक राहतो. आपल्या एमआयडीसीतल्या कितीतरी चुली ह्या एका उद्योगावर पेटतात. तेव्हा ह्याच धंद्यात केस पिकलेले आमचे एक स्नेही छातीत कळ येते म्हणून डॉक्टरांकडे गेले, आणि डॉक्टर म्हणाले, "तुमची टीएमटी करू," त्यावेळी त्यांच्या तोंडून सहज निघून गेले, "आठची की बाराची?"

डॉक्टरांची टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट. छातीला तारा चिकटवून माणसाला फिरत्या पट्ट्यावर चालवतात, दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवीत नेतात, आणि हृदय कोठे कुरकुरते ते कागदावर उमटते. आमच्या स्नेह्यांचे हृदय फारच लवकर कुरकुरले. ह्यात नवल काहीच नव्हते. चाळीस वर्षे त्यांनी लोखंड उचलले खरे, पण ते बिलबुकातले. सकाळी नऊला खुर्चीत बसायचे ते रात्री आठला उठायचे; मध्ये डबा आला तर तोही टेबलावरच उघडायचा. आम्हांस त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे, कारण आमचीही तीस-बत्तीस वर्षे खुर्चीतच गेली, आणि निवृत्त होताना मिळालेल्या वस्तूंत एक शाल, एक नारळ आणि रक्तातली साखर अशा तीन वस्तू होत्या.

आमच्या स्नेह्यांना दुरुस्त करून डॉक्टरांनी घरी पाठवले. पुढे कारखाना चिरंजीवांनी हाती घेतला. मुलगा हुशार, वाचणारा, बापाची गत आपली होऊ नये म्हणून सावध. त्याने आपल्या कचेरीत एक यंत्र आणवले आणि आम्हांस मुद्दाम फोन केला: "काका, या एकदा. टेबलापाशी चालत चालत काम करायचं यंत्र आणलंय." ते यंत्र पाहून आल्यावर आज येथे बोलावयाचा विषय आम्हांस मिळाला. चालते मेज हे काय कौतुक, जालन्यासारख्या कष्टकऱ्यांच्या गावात त्याचे कोणाला काय, असे आमच्या एका मित्राने विचारले. त्या मित्राने शेवटपर्यंत ऐकून घ्यावे एवढीच विनंती.

आम्ही गेलो ते एप्रिलातल्या दुपारी. एमआयडीसीत एप्रिलातली दुपार म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. फाटकातून आत शिरले की डाव्या हाताला वजनकाट्याची खोली, समोर भंगाराचे डोंगर, त्यापलीकडे भट्टीची शेड, आणि उजवीकडे जिना चढून गेले की थंडगार कचेरी. त्या कचेरीत खिडकीशी उंच पायांचे एक मेज, त्यावर संगणक, आणि मेजाखाली खुर्चीच्या जागी जमिनीलगत एक काळा पट्टा. बटण दाबले की पट्टा मागे सरकू लागतो आणि माणसाला जागच्या जागी पुढे चालत राहावे लागते. वेग अगदी मंद. आपल्याकडे लग्नाची वरात चालते त्याहून किंचित जलद. चिरंजीव चालता चालता फोनवर कोणाशी दरावरून घासाघीस करीत होते, आणि त्यांची चाल व त्यांचा दर दोन्ही ढळत नव्हते.

मग आम्हांस वर चढण्याचा आग्रह झाला. पहिली दोन मिनिटे पायांकडे पाहण्यात गेली. नंतर धीर आला तेव्हा समोरच्या हिशेबाची एक उभी बेरीज आम्ही करावयास घेतली. उभ्या बेरजा हे आमचे जन्माचे काम. पण त्या दिवशी हातचा एक कोठे गेला तो गेलाच. तो शोधण्यासाठी आम्ही थांबलो, पट्टा मात्र थांबला नाही, आणि चिरंजीवांनी दंड धरला म्हणून आज आम्ही ह्या व्यासपीठावर आहोत. पुढे वाचनात आले की हा दोष केवळ आमचा नव्हे. अमेरिकेत २००९ साली वीस माणसांवर प्रयोग करून पाहिला होता: पट्ट्यावर चालताना टंकलेखन, माउस चालवणे आणि गणित ह्यांत सहा ते अकरा टक्के घसरण झाली, वाचून समजून घेण्यात मात्र फरक पडला नाही. म्हणजे फोन करावा, अहवाल वाचावा, बेरीज करू नये. आमच्यासारख्या कारकुनाच्या जातीला हे यंत्र त्या मानाने कमीच उपयोगाचे.

ट्रेडमिल ह्या शब्दाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनियराने तुरुंगातल्या कैद्यांसाठी एक प्रचंड चाक तयार केले. चाकाच्या परिघावर पायऱ्या. कैद्याने वरच्या पायरीवर पाय ठेवला की चाक खाली फिरे, म्हणून तो दिवसभर जिना चढत राही आणि पोचत मात्र कोठेच नसे. काही तुरुंगांत त्या चाकाने धान्य दळले जाई, काही ठिकाणी नुसता वारा कापला जाई. ऑस्कर वाइल्डसारख्या लेखकालाही त्या चाकावर चढावे लागले. ही शिक्षा अमानुष आहे असे इंग्रजांनाच पटले आणि १८९८ च्या कायद्यानंतर ती बंद पडत गेली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जी सक्तमजुरी म्हणून कैद्याला देत, तीच आज माणूस स्वतःच्या पैशाने विकत घेतो आणि वर वीजही जाळतो! आपल्या घाण्याच्या बैलाला हे कळले तर तो काय म्हणेल?

पण थट्टा पुरे. हे असे उलटे का झाले ते पाहिले पाहिजे, कारण त्यामागे शास्त्र आहे आणि ते शास्त्र फार जुने नाही.

बसून राहण्याने माणूस आजारी पडतो हे वैद्यांना ठाऊक होतेच. चरकाने प्रमेहाची जी कारणे सांगितली त्यांत 'आस्यासुख', म्हणजे बसून राहण्याचे सुख, अगदी आरंभी घातले आहे. सुश्रुताने तर निर्धन प्रमेह्याला सांगितले की पायांत जोडा नको, डोक्यावर छत्री नको, शंभर योजने चालत जा. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली निरनिराळ्या धंद्यांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात शिंपी आणि चांभार ह्या बसणाऱ्या मंडळींची दुखणी त्याने नोंदवली आणि निदान सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवा असे सुचवले. पण ह्या सर्वांपाशी अनुभव होता, मोजमाप नव्हते.

मोजमाप आले ते लंडनच्या बसगाड्यांतून. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टराला दुसऱ्या महायुद्धानंतर असा प्रश्न पडला की हृदयविकाराचे झटके एवढे का वाढत आहेत. त्याने दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्यांची नोंदपुस्तके तपासली. ड्रायव्हर आणि कंडक्टर, दोघेही एकाच थरातले, पगार जवळजवळ सारखा, चाळीही शेजारच्या. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा-उतरणारा. १९५३ साली मॉरिसने निष्कर्ष छापले. कंडक्टरांना हा विकार कमी होत होता, झाला तर उतारवयात होत होता, आणि त्यातून ते दगावतही कमी होते. टपालखात्यातही तेच: पत्रे वाटीत हिंडणारे पोस्टमन एका बाजूला, टेबलाशी बसणारे कारकून व टेलिफोनवाले दुसऱ्या बाजूला. शंका काढणारे तेव्हाही होते. जाड माणसेच मुळात ड्रायव्हरची खुर्ची पसंत करीत असतील, असे ते म्हणाले. त्यावर ह्या गृहस्थाने काय करावे? बसकंपनीकडून गणवेषांच्या पाटलोणींची मापे मागवली! १९५६ साली ती छापून आली, आणि त्यांत शंकेखोरांच्या म्हणण्यातही थोडे तथ्य निघाले, कारण ड्रायव्हरांच्या कमरा तरुणपणापासूनच मोठ्या होत्या. आम्हांस ह्या डॉक्टराविषयी आदर वाटतो तो ह्यासाठी की आपल्या विरुद्ध जाणारी मापेही त्याने लपवली नाहीत. तो स्वतः रोज पोहे, चाले, आणि नव्व्याण्णव वर्षे जगला.

त्याच १९५६ साली आपल्याकडेही एक सुंदर अभ्यास झाला, पण त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. कलकत्त्याजवळ चेंगाईल येथे तागाची एक गिरणी होती. ज्याँ मायर, पूर्णिमा रॉय आणि मित्रा अशा तिघांनी तेथल्या २१३ माणसांचा आहार, वजन आणि कष्ट ह्यांचा ताळा घेतला. त्यांत दिवसभर ठाण मांडून बसणारे दुकानदार होते, कारकून होते, विणकर होते, तागाचे गठ्ठे वाहणारे हमाल होते. कष्ट वाढले की भूक वाढते, हे सर्वांस ठाऊक असलेले दिसलेच. पण कष्ट कमी कमी होत एका मर्यादेच्या खाली गेले की भूक कमी होत नाही, उलट वाढते, हे तेथे प्रथम आकड्यांत दिसले. दुकानात बसणारा माणूस जवळजवळ हमालाएवढे जेवत होता, आणि वजनाने त्याच्या पुष्कळ पुढे होता. आमच्या आईला हे आकड्यांवाचून ठाऊक होते. 'रिकाम्याला भूक फार' असे ती आम्हांला पाहूनच म्हणत असे.

आता चालत्या मेजाकडे येऊ. जेम्स लेव्हिन ह्या अमेरिकेतल्या डॉक्टराने त्याचा विशेष प्रसार केला. २००७ साली त्याने पंधरा स्थूल माणसांना मोजून पाहिले. खुर्चीत बसून काम करताना तासाला सरासरी ७२ उष्मांक खर्च होत होते. तेच काम ताशी पावणेदोन-दोन किलोमीटरच्या चालीने करताना १९१. म्हणजे तासामागे ११९ अधिक, साधारण एका पोळीएवढे. दोन-तीन तास चालले तर दोन-तीन पोळ्या, महिन्याचा हिशेब करा, वर्षाचा करा, असे म्हणता म्हणता माणूस सुतासारखा सरळ झाला पाहिजे. परंतु कागदावरची बेरीज आणि कचेरीतले वर्ष ह्यांत अंतर असते. ३६ नोकरदारांना अशी मेजे देऊन वर्षभर पाहिले, ते २०१३ साली प्रसिद्ध झाले: सरासरी वजन उतरले ते १.४ किलो, आणि जे स्थूल होते त्यांचे २.३ किलो. नाही म्हणण्यासारखे हे खचित नाही. पण ज्या मापाने पैसे मोजावे लागतात त्या मापाने पाहू जाता फारसेही नाही.

मग त्याहून स्वस्त असा काही मार्ग आहे काय? आहे, आणि तो आपल्या आजीच्या तोंडी होता. ऑस्ट्रेलियात २०१२ साली एकोणीस स्थूल माणसांना गोड पेय पाजून पाच तास बसवले. एका दिवशी ती सलग बसली. दुसऱ्या एका दिवशी दर वीस मिनिटांनी उठून फक्त दोन मिनिटे सावकाश चालली. जेवणानंतर रक्तात साखरेची जी लाट उसळते ती ह्या दोन-दोन मिनिटांच्या चालण्याने सुमारे चोवीस टक्क्यांनी उतरली. कारण असे की पायांचे स्नायू आकुंचन पावले म्हणजे रक्तातली साखर ते थेट ओढून घेतात, इन्शुलिनच्या चिठ्ठीची वाट पाहत नाहीत. पोटरी ही तर पायांतले रक्त वर ढकलणारी पखालच आहे; बसलो की ती पखाल खुंटीला टांगली जाते. दोन मिनिटांत पावले पडतात सुमारे दोनशे. आपली शतपावली ती हीच की! फरक एवढाच की ती रात्रीच्या जेवणानंतर अंगणात घालण्याऐवजी भर दुपारी कामाच्या जागी घालावयाची, आणि एकदा नव्हे, पुनःपुन्हा.

नुसते उभे राहून मात्र भागत नाही. हल्ली उभ्याने काम करण्याची मेजेही निघाली आहेत. पण उभ्या माणसाचा खर्च बसलेल्याहून तासाला आठ-दहा उष्मांकच अधिक होतो, आणि तासन् तास उभे राहिले की शिरा फुगतात. आपल्या कापडदुकानांतली मुले-मुली संध्याकाळी पाय का चोळतात ते त्यांना विचारा.

येथे आमचा मित्र, तो विषयाला नाक मुरडणारा, म्हणेल की हे सगळे कचेरीवाल्यांचे पोटदुखे. आमच्या भट्टीवरच्या माणसाला सांगा पाहू चालायला! त्याचे म्हणणे आम्ही मनावर घेतले आणि जिना उतरून शेडकडे गेलो. आत पाऊल टाकताच ऊन बाहेर राहिले ह्याचे बरे वाटेनासे झाले. वितळलेल्या लोखंडाशी उभी असलेली ती बिहार-उत्तर प्रदेशाकडची मुले आठ-आठ, बारा-बारा तास वाकतात, ढकलतात, ओढतात. त्यांच्या अंगावर मेद शोधून सापडणार नाही. तेव्हा कष्ट हेच औषध असेल तर ती सर्वांत निरोगी असली पाहिजेत. पण तसे होत नाही. अनेक देशांतले मिळून सुमारे एक लाख त्र्याण्णव हजार लोकांचे अभ्यास २०१८ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा असे दिसले की ज्या पुरुषांचे पोटापाण्याचे काम फार कष्टाचे, ते हलक्या कामाच्या पुरुषांपेक्षा अठरा टक्क्यांनी अधिक संख्येने लवकर मरतात. फिरावयास जाणारा माणूस थकला की बाकावर बसतो, दुसऱ्या दिवशी विसावा घेतो. त्याचे हृदय थोडा वेळ जोराने धडधडते आणि मग शांत होते. भट्टीवरच्या माणसाचे हृदय तासन् तास धडधडतच राहते, उकाडा त्यात भर घालतो, आणि थांबण्याचा क्षण त्याचा त्याने ठरवावयाचा नसतो. एकाला उठण्याची मोकळीक नाही, दुसऱ्याला बसण्याची नाही. एकाच फाटकाच्या आत दोन्ही दुखणी शेजारी शेजारी नांदतात.

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात ४४ वे कलम होते. ज्या कामगारांना उभ्याने काम करावे लागते त्यांच्यासाठी बसण्याची सोय असली पाहिजे, असे ते सांगत होते. केरळात कापडदुकानांतल्या बायकांना दिवसभर बसू देत नसत. त्यांनी लढा दिला, आणि २०१८ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना बसण्याचा हक्क मिळाला. तमिळनाडूने २०२१ साली तेच केले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कामगार म्हटला की उभा माणूस होता, आणि त्या काळी ते बरोबरच होते. आज जो बारा तास बसून राहतो त्याला उठू द्यावे, अशी ओळ आम्हांस त्या जुन्या कायद्यात आढळली नाही.

असा माणूस आम्हांस त्याच दिवशी भेटला. परत निघालो तेव्हा फाटकाशी रिक्षाची वाट पाहत वजनकाट्याच्या खोलीत टेकलो. आत तेविशी-चोविशीचा एक मुलगा संगणकापुढे बसलेला. आम्हांस बसावयास त्याने स्टूल दिले, पण दिले ते बसल्या जागेवरून, पायाने सरकवून. आम्हांस ते उद्धट वाटले. बोलणे निघाले तेव्हा कळले की मुलगा उद्धट नव्हे. पूर्वी काट्यावर गाडी चढली म्हणजे काटेवाल्याने बाहेर यावयाचे, सगळी चाके काट्यावर आली की नाही ते गाडीभोवती फिरून पाहावयाचे, ताडपत्री उचलावयाची, नंबर टिपावयाचा, आणि चिठ्ठी ड्रायव्हरच्या हाती द्यावयाची. गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा, असे दोन फेरे. दिवसाला पन्नास-साठ गाड्या. आता नंबराचे छायाचित्र कॅमेरा काढतो, वजन आपोआप नोंदले जाते, चिठ्ठी खिडकीतून बाहेर येते. मुलाने सकाळी आठला बसावयाचे ते रात्री आठला उठावयाचे.

"कंबर धरते, काका," तो म्हणाला.

"मग मध्येमध्ये उठत जा की, बाबा."

त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवले. तेथे दुसरा एक कॅमेरा होता. "खुर्ची रिकामी दिसली की वरून फोन येतो."

वरून म्हणजे ज्या खोलीत चालण्यासाठी यंत्र आणले होते त्याच खोलीतून.

त्या यंत्राची किंमत चिरंजीवांनी मघाशी आपण होऊन सांगितली होती. ह्या मुलाचा पगार आम्ही विचारला. सहा महिन्यांचा पगार आणि ते यंत्र, तागडी सारखी राहत होती. रिक्षा आली, पण आम्ही ती परत पाठवली आणि पुन्हा जिना चढलो. वयाचा एक फायदा असतो: दुसऱ्याच्या कचेरीत जाऊन न विचारलेले बोलता येते. आम्ही म्हणालो, "अरे, तुझ्या काट्यावरच्या पोराला तुझ्या बापाचा रोग लागतो आहे, आणि तो लागावा म्हणून तू पहारा ठेवला आहेस." मुलगा मनाने वाईट नाही. तो बराच वेळ गप्प बसला. पट्टाही बंद होता. मग म्हणाला, "काका, कॅमेरा चोरीसाठी लावला होता. हे माझ्या लक्षातच आलं नाही."

हे लक्षात न येणे हाच ह्या विषयातला खरा पेच आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या देशात व्यायामाची उपकरणे कमी आहेत म्हणून माणसे बसून राहिली असे झालेले नाही. महाराष्ट्रासह चार प्रदेशांत केलेली पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून अधिक, ५४.४ टक्के माणसे पुरेशी हालचाल न करणारी निघाली, आणि करमणूक म्हणून खेळणारी-धावणारी दहा टक्केसुद्धा नव्हती. आपण हालत होतो ते कामाने हालत होतो. विहिरीवर, जात्यावर, बाजाराला, काट्यावर. एकेक यंत्र आले आणि त्याने एकेक फेरा उचलून नेला. कष्ट वाचले हे चांगलेच झाले. जाते गेले म्हणून आम्ही रडणार नाही, ते आमच्या आईने ओढले आहे. पण फेऱ्याबरोबर फेऱ्याचे निमित्तही गेले. आता पाणी मेजावर, फोन मेजावर, फाईल पडद्यावर, आणि निमित्तावाचून उठणारा नोकर कामचुकार ठरतो. देशात मधुमेही किती, ह्याचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज दहा कोटींच्या वर आहे. ते सगळे काही जिलबी खाऊन झालेले नाहीत.

चालता चालता काम करणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या गागोद्याचे विनोबा १९५१ पासून तेरा वर्षे देशभर पायी हिंडले. भेटावयास आलेल्याने त्यांच्याबरोबर पहाटे चालावयाचे आणि चालतानाच आपले म्हणणे मांडावयाचे. मंत्रीही आले तर चालले. तेथे पाय आणि काम एकाच वाटेने जात होते. पट्ट्यावर पाय एकीकडे जातात आणि काम दुसरीकडे, म्हणून आमचा हातचा एक हरवला. तरीही ज्याला परवडते आणि ज्याचे काम फोनवरचे आहे, त्याने ते खुशाल घ्यावे; मंद वेग ठेवावा, बेरजा करू नयेत, आणि थांबावयाचे असेल तर आधी बटण दाबावे, मग थांबावे. हा शेवटचा उपदेश स्वानुभवाचा.

काट्यावर पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. चिठ्ठी खिडकीतून देण्याचे बंद झाले. आता काटेवाल्याने ती ड्रायव्हरपर्यंत नेऊन द्यावयाची, आणि येता येता ताडपत्री व चाके पाहावयाची. पाण्याचा माठ खोलीतून काढून पलीकडच्या लिंबाखाली ठेवला. रिकाम्या खुर्चीबद्दल वरून फोन येत नाही. ड्रायव्हरांची कुरकूर आहे की गाडीमागे दोन मिनिटे अधिक लागतात. मार्चअखेरच्या गर्दीत ही व्यवस्था आठ दिवस मोडली होती, पुन्हा सुरू झाली. भट्टीवर मात्र काही हालले नाही. तेथे पाळीमध्ये थंड खोलीत विसाव्याचा अर्धा तास वाढवा असे आम्ही सुचवले, त्यावर "बघतो" असे उत्तर मिळाले. 'बघतो' ह्याचा अर्थ आपण सर्व जाणता. आम्ही पुढल्या महिन्यात पुन्हा जाऊन विचारणार आहोत. चालत्या मेजावर सकाळी तासभर चिरंजीव फोन करतात, आणि त्यानंतर आमचे स्नेही, ते आठची की बाराची विचारणारे, त्यावर अर्धा तास चालतात. त्यांना टीएमटी करून घेण्याची आता सवय झाली आहे.

आमचे बोलणे संपत आले. अध्यक्षमहाराज, घड्याळ पाहता ही मंडळी पाऊण तास एका जागी बसलेली आहेत, आणि त्यांतली बरीचशी घरून जेवून आलेली दिसतात. आपण परवानगी द्याल तर मंडपाच्या दारापर्यंत सर्वांनी एकदा जाऊन यावे. प्रश्नोत्तरे त्यानंतर घेऊ.